शिक्षा झाली, अपील बाकी: खुनाच्या खटल्यातील जामिनाची पार्श्वभूमी

सत्र न्यायालयाने खुनासाठी जन्मठेप सुनावली की आरोपीचे वकील उच्च न्यायालयात अपिलासोबत आणखी एक अर्ज दाखल करतात. व्यवहारात त्याला जामीन अर्ज म्हटले जाते, पण त्यातली मूळ मागणी शिक्षा निलंबित करण्याची असते. हा फरक वरवरचा नाही, कारण दोषसिद्धीनंतर निर्दोषत्वाचे गृहीतक उरत नाही आणि दोषसिद्धी प्रथमदर्शनी टिकणार नाही असे अभिलेखावरून, म्हणजे खटल्याच्या नोंदींवरून, दाखवण्याचा भार अर्जदारावर येतो.

शिक्षा निलंबित करण्याचा हा अधिकार 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 426 मध्ये होता. 1973 च्या संहितेत तो कलम 389 झाला. शिक्षा निलंबित करणे हे न्यायालयाचे काम की राज्यपालांचे, हा प्रश्न मात्र नानावटी खटल्याने ऐरणीवर आणला. 11 मार्च 1960 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदल अधिकारी के. एम. नानावटी यांना जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती शिक्षा स्थगित करून त्यांना नौदलाच्याच कोठडीत राहू दिले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये घटनापीठाने बहुमताने ठरवले की, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आल्यानंतरच्या काळासाठी राज्यपालांना असा आदेश देता येणार नाही.

खुनाच्या दोषींना अपील प्रलंबित असताना सोडायचे नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा प्रघात होता. 1977 मध्ये कश्मिरा सिंग प्रकरणात न्यायालयाने स्वतःच तो तपासला. अपिलाची सुनावणी लवकर होते, या समजुतीवर तो प्रघात उभा होता. प्रत्यक्षात वर्षे उलटत होती. पाच-सहा वर्षे तुरुंगात काढल्यावर माणूस निर्दोष ठरला, तर त्याला काय सांगायचे, असा त्या निकालाचा रोख होता. माझ्या मते या विषयाचे सगळे वळण इथेच आहे: कायद्याचे शब्द जवळपास तेच राहिले, पण अपिलाला लागणारा वेळ बदलला.

पुढची ओढाताण त्यातूनच आली. 2001 च्या अख्तरी बी निकालात, दोषीची चूक नसताना पाच वर्षांत अपील निकाली न निघाल्यास जामीन देता येईल असे म्हटले गेले. कलम 389 मधील 2005 च्या दुरुस्तीने मात्र फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नसलेल्या कैदेच्या गुन्ह्यांत सरकारी वकिलाला लेखी म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक केले. सोनाधर प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दहा वर्षे भोगून झालेल्या आणि ज्यांचे अपील नजीकच्या काळात ऐकले जाणार नाही अशा जन्मठेपेच्या कैद्यांना, विरोधात सबळ कारण नसल्यास, जामीन मिळावा. पाठोपाठ 2023 च्या ओमप्रकाश सहानी निकालात हेही बजावले गेले की, या टप्प्यावर साक्षीपुरावा नव्याने तोलायचा नसतो. दोषसिद्धीतला उघड दोष अभिलेखावर दिसला पाहिजे.

अर्ज मंजूर झाला तरी जातमुचलका (स्वतःचे हमीपत्र), जामीनदार, पोलीस ठाण्यातली हजेरी अशा अटी येतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा अधिकार कलम 430 मध्ये आहे. एक जुनी तरतूदही त्यासोबत कायम राहिली: अपील फेटाळले गेले, तर जामिनावर बाहेर काढलेला काळ शिक्षेच्या हिशेबात धरला जात नाही. सहा वर्षे घरी राहिलेला माणूस परत तुरुंगात जातो, तेव्हा त्याची मोजणी जिथे थांबली होती तिथूनच सुरू होते.