व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा: फ्लाइट किती वेळाची?

ऑस्ट्रिया-स्लोव्हाकियाची सहल ठरवायला आलेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. मोबाइलवर शोधलं की उत्तरही मिळतं: अर्धा तास. प्रत्यक्षात या दोन शहरांदरम्यान प्रवासी विमानसेवाच नाही.

मग तो अर्धा तास आला कुठून? दोन्ही राजधान्यांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण 55 किमी. अंतर सांगणाऱ्या वेबसाइट त्याला जेटच्या ताशी 800 किमी वेगाने भागतात. येतात चार मिनिटं. त्यात उड्डाण आणि उतरण्याची म्हणून ठरावीक मिनिटं मिळवली की झाला अर्धा तास. हा नुसता हिशेब आहे, तिकीट नाही. 35,000 फुटांवरून खाली यायलाच विमानाला दीड-दोनशे किमी लागतात. इथे धड वर जाण्याआधीच ब्रातिस्लाव्हा मागे पडेल.

रस्त्याने अंतर 80 किमीच्या आसपास. म्हणजे पुण्याहून खंडाळ्याच्या थोडं पुढे, फक्त मध्ये देश बदलतो.

आमचा सल्ला रेल्वेचा. व्हिएन्नाच्या हाउप्टबानहोफवरून, म्हणजे मुख्य स्टेशनवरून, दिवसभर गाड्या आहेत, सुमारे तासाभरात पोचवतात. चढण्याआधी पाटी मात्र नीट वाचा. काही गाड्या ब्रातिस्लाव्हाच्या मुख्य स्टेशनला, म्हणजे ‘ह्लावना स्टानित्सा’ला जातात, तर काही डॅन्यूब नदीच्या दक्षिणेकडच्या पेट्रझाल्काला. आमच्याकडचे एक काका-काकू पेट्रझाल्काला उतरले आणि समोर नुसत्या उंच इमारती बघून ‘किल्ला कुठाय हो?’ म्हणून थेट आम्हालाच फोन लावला. किल्ला नदीपलीकडे होता. घाबरायचं कारण नाही, तिथून जुन्या शहरात सिटी बस जाते. मुख्य स्टेशनवरून तर वीसेक मिनिटांत चालतही जाता येतं.

हवा चांगली असेल आणि खिसा थोडा सैल सोडायची तयारी असेल, तर जाताना बोट घ्या. व्हिएन्नातल्या श्वेडनप्लाट्झ चौकाजवळून सुटणारी कॅटमरान, म्हणजे जोडसांगाड्याची बोट, प्रवाहाबरोबर सव्वा तासात पोचते. येताना प्रवाहाविरुद्ध वेळ जास्त लागतो, म्हणून परतीला रेल्वेच बरी. ब्रातिस्लाव्हा जवळ आलं की डाव्या हाताला बसा. मोरावा नदी डॅन्यूबला मिळते तिथे कड्यावर देवीन किल्ल्याचे अवशेष दिसतात. कॅमेरा आधीच बाहेर काढून ठेवा, बोट थांबत नाही. ऐन हिवाळ्यात मात्र बोटीवर बेत आखू नका.

विमानतळाची एक गोम आहे. व्हिएन्नाचा विमानतळ श्वेखाटला, शहराच्या पूर्वेला, म्हणजे ब्रातिस्लाव्हाच्याच वाटेवर आहे. भारतातून येऊन आधी ब्रातिस्लाव्हा करायचं असेल तर व्हिएन्ना शहरात शिरूच नका. विमानतळावरूनच थेट बस मिळते, तासाभराच्या आत नेते. उलट युरोपातलं स्वस्त तिकीट काढताना विमानतळाचा कोड तपासा: ‘व्हीआयई’ म्हणजे व्हिएन्ना, ‘बीटीएस’ म्हणजे ब्रातिस्लाव्हा.

दोन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या युरोपीय गटात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा चालतो आणि सिंगल एंट्री असली तरी इथली ये-जा त्यात मोजली जात नाही. तरीही पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका, गाडीत कधीकधी पोलीस बघायला मागतात. दोन्हीकडे युरोच चालतो. घड्याळही सारखंच.

भाड्याची गाडी घेणार असाल तर हायवेचा टोल-पास दोन्ही देशांचा वेगवेगळा लागतो, आणि गाडी सीमेपलीकडे न्यायची परवानगी आहे का, हे चावी घेण्याआधीच विचारा.