बॅली ॲस्ट्रोकेड

घरच्या टीव्हीला जोडून खेळ खेळता येणारे आणि त्यावरच स्वतःचे प्रोग्रामही लिहिता येणारे अमेरिकी यंत्र. पिनबॉलसाठी नावाजलेल्या शिकागोच्या बॅली कंपनीने ते १९७७ मध्ये जाहीर केले. ग्राहकांच्या हाती ते १९७८ मध्ये पडू लागले. किंमत २९९ डॉलर. रचना बॅलीच्याच मिडवे या शाखेसाठी आर्केड यंत्रे (नाणे टाकून खेळायची यंत्रे) घडवणाऱ्या डेव्ह नटिंग असोसिएट्सची होती. 'गनफाइट' व 'चेकमेट' हे दोन खेळ, चित्रे काढण्याची सोय आणि कॅल्क्युलेटर यंत्रातच होते. एकाच वेळी चौघांना खेळता येई. पिस्तुलाच्या मुठीसारख्या नियंत्रकावरची गुंडी चारी दिशांना झुकत असे, शिवाय गोल फिरतही असे.

आत झेड८० प्रोसेसर आणि अवघी ४ केबी रॅम, म्हणजे ४,०९६ बाइट तात्पुरती स्मृती. पडद्यावर १६० × १०२ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बिट (आठ बिटांचा एक बाइट). म्हणजे नुसत्या चित्रालाच ४,०८० बाइट लागत. एकूण ४,०९६ पैकी उरत १६! त्यामुळे तळाच्या काही ओळी न दाखवता ती जागा इतर कामाला वापरली जाई.

एवढ्याशा जागेत बेसिक ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा बसवली ती जेमी फेंटन यांनी, आणि या यंत्राची खरी थोरवी त्यातच आहे. पडद्याच्या स्मृतीतील प्रत्येक ठिपक्याच्या दोन बिटांपैकी एक चित्रासाठी ठेवून दुसऱ्यात त्यांनी वापरकर्त्याचा प्रोग्राम साठवला. हा दुसरा बिट बदलला तरी रंग बदलू नये अशी रंगांची मांडणी केली, म्हणून डोळ्यांसमोरच असलेला प्रोग्राम दिसत नसे. रंग दोनच उरले, पण प्रोग्रामसाठी सुमारे १,८०० बाइट मिळाले. टंकलेखनाला कीबोर्ड नव्हता. कॅल्क्युलेटरच्या २४ कळांवर छापील आवरण ठेवून एकेका कळीकडून अनेक अक्षरे व आज्ञा काढून घ्याव्या लागत. प्रोग्राम जपून ठेवायला साधी ऑडिओ कॅसेट चाले.

पूर्ण संगणक बनवणारा जोड-भाग जाहीर झाला, पण बाजारात आला नाही. पुढे बॅलीने हा व्यवसाय विकला; ॲस्ट्रोकेड हे नाव नव्या मालकांच्या काळात, १९८२ मध्ये मिळाले. मात्र १९७८ पासूनच वापरकर्ते 'आर्केडियन' या वार्तापत्रातून एकमेकांना प्रोग्राम पुरवत होते. वाचणाऱ्याने ते एकेक कळ दाबून आपल्या यंत्रात उतरवायचे.