चहाचा मसाला: भाजायचा की नुसता कुटायचा?

खानदेशात नुसता ‘मसाला’ म्हटलं की तो काळा मसाला. उन्हाळ्यात वर्षभराचा करून बरणीत दाबून ठेवलेला, शेवभाजीत तर्री आणणारा. म्हणूनच चहात टाकायच्या पुडीला आठवणीने ‘चहाचा’ मसाला म्हणावं लागतं. नावावरूनच कळतं की हा पाहुणा मागाहून आला.

मसाल्याचा चहा हजारो वर्षांचा आहे असं हल्ली सर्रास सांगतात. त्यात काढा आणि चहा यांची गल्लत असते. सुंठ, मिरे आणि पिंपळी यांचं समभाग त्रिकटू जुनंच आहे आणि सर्दी-पडशाला गूळ घालून केलेला सुंठीचा काढाही जुनाच. पण त्यात चहाची पत्ती नव्हती. आसामात मळे उभे राहिले ते 1830 च्या दशकात, आणि ती पत्ती इकडच्या चुलीवर यायला पुढे बराच काळ गेला. भुसावळला रेल्वे आली 1860 च्या दशकात, तापीकाठाने सुरतेकडे जाणारा मार्ग 1900 च्या सुमारास पूर्ण झाला. नंदुरबारकडच्या घरांत मसाल्यात गंठोडा पडतो, तो या गुजरातच्या शेजाराचा. गंठोडा म्हणजे पिंपळमूळ, सुंठ नव्हे. दोन्ही गाठाळ आणि मातकट दिसतात, म्हणून एकाच्या जागी दुसरं घेतलं जातं. सुंठ मोडली की आल्याचा वास येतो आणि रेषा दिसतात. गंठोड्याला तो वास नसतो.

1930 च्या दशकात देशभर चहाचा प्रचार जोरात होता. पत्ती किती, पाणी किती, दूध किती, हे लोकांना शिकवलं जाई. टपरीवाल्यांनी मसाला घालणं मात्र प्रचारकांना खपत नसे, कारण मसाल्याचा जोर आला की पत्ती कमी लागते. लोकांनी चहा घेतला, शिकवण सोडून दिली. पुढे यंत्राने दाणेदार केलेली सीटीसी पत्ती स्वस्तात मिळू लागली आणि मसाल्याचं खरं जमलं. ती दुधात उकळली तरी कडक उतरते आणि लवंग-मिऱ्यांपुढे दबत नाही. त्यानंतर घरोघरी मिक्सर आला. मग महिन्याची पूड एकदम करता येऊ लागली. खलबत्त्यात त्या वेळेपुरती ठेचलेली विलायची मागे पडली.

आणि इथेच वाद सुरू झाला: मसाला भाजायचा की नाही? काळ्या मसाल्याची सवय अशी मुरलेली की तवा तापवल्याशिवाय मसाला केल्यासारखं वाटत नाही. पण काळ्या मसाल्यात कांदा, खोबरं, धणे असतात. भाजल्यावर त्यांचा रंग पालटतो आणि आधी नसलेली चव तयार होते. विलायची, लवंग, जायफळ यांचा वास म्हणजे त्यांच्यातलं उडून जाणारं तेल, आणि ते आधीच तयार असतं. तव्यावर स्वयंपाकघर घमघमलं, तर तेवढा वास डब्यातून वजा झाला असं समजावं.

‘हलकं भाजून घ्या’ हा सल्ला मुळात चुकीचा नाही. तो दमट हवेचा आहे. कोकणात, मुंबईत खडा मसाला सर्द होतो, नीट दळला जात नाही, म्हणून त्याला ऊब देतात. जळगाव-धुळ्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की लवंग नुसत्या बोटांनी कडकन तुटते. त्या दिवसांत तव्याची गरजच नाही. पावसाळ्यात करायचाच असेल, तर कोरड्या तव्यावर फक्त मिरे, लवंग, दालचिनी मिनिटभर, हाताला सोसेल इतकीच गरम करावी. विलायची, जायफळ, सुंठ तव्याला लावूच नये. तव्याला तेलाचा हात लागलेला असेल, तर चहावर तवंग येतो. गच्चीवर मिरच्यांशेजारी वाळत घालणं ही दुसरी चूक. उन्हाने विलायचीची हिरवी सालं पांढरट पडतात, वासही उडतो आणि वर मिरचीची खाट लागते.

साधारण 100 ग्रॅमसाठी प्रमाण असं: विलायची सालासकट 40 ग्रॅम, सुंठ 30, मिरे 15, दालचिनी 8, लवंग 5, जायफळ 2. लवंग वाढली की जीभ बधिर होते, म्हणून ती हात राखूनच. दालचिनीची पूड उकळली की चिकट होते. दहा ग्रॅमच्या वर गेली की चहाचा शेवटचा घोट बुळबुळीत लागतो. उन्हाळ्यात मिरे आणि सुंठ निम्म्यावर आणून ती जागा बडीशेपेला द्यावी. गवती चहा आणि तुळस पुडीत घालू नये, ती पातेल्यात ताजीच पडावी.

लवंग घेताना डोक्याखाली नख रुतवून पाहावं. तेलाचा ओलसर डाग उमटला नाही तर तेल आधीच काढून घेतलेली लवंग तुमच्या पदरात पडते आहे. सुंठ अख्खी मिक्सरमध्ये टाकू नये, पातं जातं. आधी खलबत्त्यात फोडावी, दळून चाळावी, वर राहिलेल्या रेषा फेकाव्यात. काळ्या मसाल्याचंच भांडं वापरायचं असेल तर आधी त्यात मूठभर तांदूळ फिरवून टाकून द्यावेत, नाहीतर चहाला लसणाचा वास येतो. मिक्सर पाच-सात सेकंद फिरवून थांबवावा. सलग फिरवला तर पूड गरम होते. मे महिन्यात हे काम पहाटे केलेलं बरं. पूड पूर्ण निवल्यावर काचेच्या बरणीत भरावी.

दोन कपांना पाव चमचा पुरतो. पत्तीबरोबर, पाणी उकळतानाच घालावा. दुधानंतर घातला तर पूड वर तरंगते आणि घशात खवखवते. ताजं आलंही पाण्यातच उकळून घ्यावं. कच्चं आलं दुधात पडलं की दूध फाटतं. गुळाचा चहा असेल तर गॅस बंद करून दूध वेगळं तापवलेलं घालावं. महिन्या-दीड महिन्यात पुडीचा वास उतरतो. मग लोक पाव चमच्याचा अर्धा करतात, पण वास तितकाच राहतो आणि तिखटपणा तेवढा वाढतो.