खोल समुद्रातले जिवाणू आणि ‘सगळे ओळखणारी’ प्रतिकारशक्ती

नागपुरातल्या नीटच्या शिकवणी वर्गांत हातोहात फिरणाऱ्या टिपणांमध्ये एक विधान वर्षानुवर्षे आढळते: जन्मजात प्रतिकारशक्ती कोणताही जिवाणू ओळखतेच. हे खरे नाही. मात्र दोष केवळ टिपणांना देता येत नाही, कारण प्रतिकारशास्त्रही दीर्घकाळ जवळपास असेच गृहीत धरून चालले होते.

ग्राम-ऋण या जिवाणूंच्या एका मोठ्या गटाच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा रेणू आपल्या पेशींवरील ग्राहीप्रथिने ओळखतात आणि दाह सुरू होतो. प्रशांत महासागरातील किरिबातीच्या फिनिक्स बेटांजवळच्या खोल पाण्यातून वाढवलेल्या जिवाणूंवर हेच तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी ८० टक्के जिवाणू सस्तन प्राण्यांच्या या ग्राहींना जाणवलेच नाहीत, असे २०२१ साली ‘सायन्स इम्युनॉलॉजी’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्यांत मोरिटेला ही प्रजाती ठळक होती. या रेणूतील मेदाम्लांच्या साखळ्यांची लांबी हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. जिवाणूंची ही ओळख सार्वत्रिक नसून प्राण्याच्या स्वतःच्या परिसंस्थेपुरती घडलेली असावी, हा त्यातला खरा महत्त्वाचा निष्कर्ष.

यावरून ‘समुद्रातून अदृश्य रोग येणार’ अशी आवई उठवणे तितकेच चुकीचे आहे. प्रयोग लिपोपॉलिसॅकराइडच्या ग्राहींविषयी होता. शरीराकडे इतर ग्राही आणि प्रतिपिंडेही असतात. शिवाय थंड, प्रचंड दाबाच्या पाण्यात रुळलेल्या या जिवाणूंना ३७ अंशांचे मानवी शरीर मुळीच मानवणारे नाही.