सायलेन्सरने रायफल मुकी होत नाही

‘सायलेन्सर लावला की नुसतं फुस्स होतं, शेजारच्या खोलीतही कळत नाही.’ अमेरिकेत घराच्या रक्षणासाठी रायफल घेणाऱ्यांतही हा समज आढळतो. पडद्यावर तसंच ऐकू येतं, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे.

आवाज मुख्यतः दोन ठिकाणी होतो. एक, नळीच्या तोंडातून सुटणारा तप्त वायू. सायलेन्सर त्याला आतल्या कप्प्यांत अडवतो, थंड करतो, सावकाश सोडतो. दुसरा, ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचाच कडाका. ५.५६ मिमीची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर जाते, ध्वनी ३४० मीटर. हा कडाका कुठलाही सायलेन्सर रोखू शकत नाही. गोळ्यांच्या उत्पादकाच्या तक्त्यात वेग दिलेला असतो, तो ३४०शी ताडून पाहा.

मग वजाबाकी करा: रायफलच्या आवाजाच्या सुमारे १६० डेसिबलमधून २५-३० गेले, तरी १३०-१३५ उरतात. कानरक्षक हवेतच. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका; त्याचा माइक असा क्षणिक स्फोट पकडू शकत नाही, आकडा कमी दाखवतो.

नळीच्या तोंडावरच बसणाऱ्या मझल ब्रेकचं याच्या उलट. तो वायू बाजूला-मागे वळवून धक्का कमी करतो, पण चालवणाऱ्याच्या कानावर आवाज वाढवतो. बंद खोलीसाठी तो निवडूच नये.