दोष उजेडाचा नव्हे

‘काळ्या त्वचेवरून उजेड कमी परावर्तित होतो, म्हणून यंत्र चुकतं. यात भेदभाव कसला?’ चेहरा वाचणाऱ्या एआयचा विषय निघाला की हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. ऐकायला शास्त्रीय आहे, म्हणूनच तो इतकी वर्षं खपला.

जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या कृष्णवर्णीय संशोधिकांनी २०१८ मध्ये त्याची हवाच काढली. रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, फिनलंड, आइसलँड आणि स्वीडन इथल्या खासदारांचे १,२७० फोटो घेऊन त्यांनी तीन कंपन्यांच्या प्रणालींना एवढंच विचारलं: बाई की पुरुष? उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत थेट ३४.७ टक्क्यांपर्यंत. (खासदारबाईंना यंत्र ‘पुरुष’ म्हणतं, हे वाचून हसावं की रडावं!) मग उजेडाची शंका फेडायला त्यांनी एकट्या दक्षिण आफ्रिकेचे फोटो वेगळे काढले. संसद तीच, वर्ण मात्र दोन्ही. तफावत कायम राहिली.

खरी मेख फोटोसंचात होती. ‘एडियन्स’ या चाचणीच्या प्रचलित संचात ८६ टक्के चेहरे उजळ वर्णाचे होते. अशा मापावर पास होणं काय कठीण!

पुढच्याच वर्षी डेबोरा राजी आणि बुओलामविनी यांनी फेरतपासणी केली. मायक्रोसॉफ्टची गडद वर्णाच्या स्त्रियांबाबतची चूक २०.८ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आली होती. तेवढ्यात प्रकाशाचे नियम काही बदलले नव्हते.