अनोळखी व्यक्तींचे छायाचित्रण व संमती

सार्वजनिक जागेत वावरणाऱ्या अपरिचित व्यक्तीचे छायाचित्र तिला न विचारता घेणे आणि प्रसिद्ध करणे कितपत योग्य, यासंबंधीचा नीतिविचार. येथे तो मुख्यतः इंदूरच्या संदर्भात मांडला आहे.

उगम : स्वतःच्या प्रतिमेवरील हक्काचा आरंभ कोठे मानावा, याबाबत मतभेद आहेत. अमेरिकी परंपरेत सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस यांच्या १८९० मधील खाजगीपणाविषयीच्या लेखापासून सुरुवात धरतात. त्यात क्षणार्धात घेतल्या जाणाऱ्या छायाचित्रांचा उल्लेख आहे. फ्रेंच परंपरेत १८५८ चा पॅरिसमधील निवाडा आधीचा मानला जातो. राशेल या नटीचे मृत्युशय्येवरील चित्र कुटुंबीयांच्या संमतीविना प्रसृत झाल्याचे ते प्रकरण होते. कालक्रमाने दुसरे मत ग्राह्य वाटते. तथापि तो वाद घरातल्या शोकाचा होता, रस्त्याचा नव्हे. रस्त्यापुरते १८९० हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक.

इंदूर : जेम्स वॉटरहाउस या लष्करी अधिकाऱ्याने १८६१-६२ मध्ये मध्य भारतात सरकारी कामासाठी लोकांची छायाचित्रे घेतली. लाला दीनदयाळ (जन्म १८४४) १८६६ च्या सुमारास इंदूरच्या बांधकाम खात्यात आले. त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो बहुधा १८७४ च्या आसपास. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डेली यांचे त्यांना प्रोत्साहन होते. त्या काळच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेला लेप देणे, चित्र घेणे आणि ते धुणे ही सर्व कामे लेप वाळण्यापूर्वी, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत उरकावी लागत. त्यासाठी अंधारा तंबू जवळच लागे आणि समोरच्या माणसाला काही सेकंद निश्चल राहावे लागे. चालणारा वाटसरू पुसट उमटे किंवा उमटतच नसे. त्यामुळे माणसाच्या नकळत छायाचित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. यावरून जुन्या चित्रांतील सर्वांनी संमती दिली होती असा निष्कर्ष काढला जातो, तो मान्य करता येत नाही. साहेबाच्या हुकमावरून ओळीत उभा राहिलेला माणूस स्थिर असे, एवढेच खरे. आपली छबी कशी दिसावी हे महाराजांना ठरवता येई. ओळीतल्या त्या माणसाला ते येत नसे. चित्र झटकन टिपणाऱ्या कोरड्या जिलेटिन काचा आणि हातात धरता येणारा १८८८ चा कोडॅक कॅमेरा यांनी ती सक्तीची स्थिरताही संपवली.

कायदा : पुट्टस्वामी खटल्यात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, केवळ सार्वजनिक जागी असल्याने तो संपत नाही, असे मतही त्यात नोंदले आहे. रस्त्यावरचे साधे छायाचित्र मात्र सरसकट गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई शरीराच्या खाजगी भागांपुरते आहे, पण जागा सार्वजनिक असली तरी लागू होते. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खाजगी कृतीच्या चित्रणाविषयी असून, चित्र घेण्यास दिलेली संमती ते पसरवण्यास पुरत नाही, हे तत्त्व त्यात आहे. रस्त्यावरील नीतीलाही तेच लावावे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

प्रचलित व्यवहार : राजवाड्यासमोरील रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झाक्या (चित्ररथ), सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली येथे मोबाईल सतत उंचावलेले असतात. गर्दीचे चित्र आणि गर्दीतून वेचलेला चेहरा यांत भेद करणे आवश्यक आहे. रंगाने भिजलेली तरुणी गेरीत स्वखुशीने आलेली असते. तिचे ओले कपडे जवळून टिपून समाजमाध्यमांवर टाकण्यास तिने होकार दिलेला नसतो. “काकू, एक फोटो काढू का?” एवढे विचारल्याने चित्रातला सहजपणा जातो, ही छायाचित्रकारांची तक्रार खरी आहे. त्यावर चित्र घेऊन लगेच दाखवणे आणि नको म्हटल्यास पुसणे हा मार्ग काहीजण अवलंबतात. मुले, भिकारी, मद्यधुंद किंवा झोपलेली माणसे यांच्याबाबत तोही अपुरा. त्यांचा होकार स्वतंत्र असेलच असे नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्वेबेकमधील प्रकरणात हाच भेद पाळला. इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र न विचारता मासिकात छापल्याबद्दल तिची २,००० डॉलरची भरपाई कायम झाली; गर्दीत ओघाने दिसणाऱ्या व्यक्तीला मात्र असा दावा करता येणार नाही, असे सांगितले गेले.